ट्रेडमिल की रस्ता? नाशिकमध्ये धावायला लागणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी आमचा दहा-बारा जणांचा गट धावतो. नवीन येणाऱ्यांपैकी निम्मे तरी जिममधून किंवा घरच्या ट्रेडमिलवरून आलेले असतात आणि त्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात. मीही सुरुवातीची दोन वर्षं फक्त मशीनवर धावले, त्यामुळे हे प्रश्न माझेही होते. इथे उत्तरं नीट लिहून ठेवते आहे. ज्याला जे हवं ते वाचावं.

ट्रेडमिलवर पट्टाच आपले पाय मागे नेतो. मग ते फुकटचं धावणं झालं ना?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यातला समज चुकीचा आहे. पट्टा एकसारख्या वेगाने मागे जात असेल तर तुमच्या पायांना आणि स्नायूंना रस्त्यावर धावताना जे करावं लागतं तेच करावं लागतं. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही उडी मारली तर त्याच जागी उतरता, मागच्या बाकावर जाऊन पडत नाही. तोच नियम इथे लागू होतो. जमीन स्थिर आणि तुम्ही पुढे, किंवा तुम्ही जागेवर आणि जमीन मागे, शरीराला त्यात भेद कळत नाही. प्रत्येक पावलाला वजन उचलायचं, हवेत झेपावायचं, पुन्हा उतरताना ते वजन पेलायचं. हे काम मशीन तुमच्यासाठी करत नाही.

खरा फरक हवेचा आहे. रस्त्यावर तुम्ही हवा कापत जाता, मशीनवर हवा समोरून येत नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. वेगात धावणाऱ्याला रस्त्यावर थोडी जास्त ताकद लागते, आणि मशीनवर घाम वाळत नाही. याशिवाय रस्ता सपाट नसतो, वळणं असतात, खड्डे चुकवावे लागतात, कधी वारा समोरून येतो. पावलांच्या बाबतीतही बारीक फरक दिसतो. मशीनवर बरेच जण पाऊल जरा सपाट टेकवतात आणि उसळी कमी घेतात. पण ढोबळ मानाने धावण्याची चाल दोन्हीकडे सारखीच असते.

म्हणून मशीनला 1 टक्का चढ द्यायचा असं सगळे सांगतात. द्यायचाच का?

हा सल्ला कुठून आला ते समजलं की उत्तर सोपं होतं. 1996 मध्ये जोन्स आणि डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी तरबेज धावपटूंना रस्त्यावर आणि वेगवेगळ्या चढाच्या ट्रेडमिलवर धावायला लावून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. 1 टक्का चढाचं मशीन सपाट रस्त्याच्या सर्वात जवळ आलं. 1 टक्का म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. पण त्यांनी तपासलेले वेग ताशी साधारण 10.5 ते 18 किलोमीटर होते. हवेचा अडथळा वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून त्या वेगांना तो जाणवतो. तुम्ही 7 किंवा 8 च्या वेगाने धावत असाल तर हा अडथळा इतका किरकोळ असतो की चढ शून्य ठेवला तरी काही बिघडत नाही.

जिममध्ये पहिल्याच आठवड्यात आलेल्या माणसाला "एक टक्का लावा, नाहीतर उपयोग नाही" असं सांगतात तेव्हा मला वाईट वाटतं. त्याला आधी सलग वीस मिनिटं धावू द्या.

ताई, मशीनवर मी 10 च्या वेगाने आरामात तासभर धावतो. बाहेर आलो की पंधरा मिनिटांत जीभ बाहेर. असं का?

याचं उत्तर मी माझ्या पहिल्या 10 किलोमीटरच्या शर्यतीत शिकले, तेव्हा ते सविस्तर सांगते.

मीही मशीनवर 10 च्या आकड्याला महिनोन् महिने धावत होते. म्हणजे एका किलोमीटरला 6 मिनिटं. त्या हिशोबाने शर्यत तासाभरात संपायला हवी होती. शिट्टी वाजली, सगळी गर्दी सुटली, मीही तिच्याबरोबर सुटले. पहिला किलोमीटर संपल्यावर घड्याळात पाहिलं तर 5 मिनिटं 20 सेकंद. मला ते वेगवान वाटलंच नव्हतं! चौथ्या किलोमीटरला श्वास आवरेना, सहाव्याला मी चालायला लागले आणि उरलेलं अंतर थोडं चालत थोडं धावत कसंबसं पूर्ण केलं. घरी आल्यावर आधी वाटलं, तब्येत बरी नसेल. मग एकेक कारण कळत गेलं.

पहिलं कारण, वेग धरून ठेवणं ही एक वेगळी शिकण्याची गोष्ट आहे आणि मशीन ती तुमच्याकडून कधीच करून घेत नाही. बटण दाबलं की पट्टा तो वेग राखतो, तुम्ही त्याच्याबरोबर राहता. बाहेर दर पावलाला वेग तुम्हीच ठरवत असता, आणि ताज्या पायांना वेगाचा अंदाज येत नाही. नवा माणूस रस्त्यावर पहिली पाच मिनिटं जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा जोरात धावतो. गंमत अशी की श्रम जास्त वाटतात ते मशीनवर. समोर भिंत असते, नजरेला काहीच सरकताना दिसत नाही, म्हणून तोच वेग तिथे अधिक भासतो. त्यामुळे तुम्ही बाहेर "मशीनसारखं वाटेल" इतकं धावायला गेलात, तर प्रत्यक्षात मशीनपेक्षा जोरात धावत असता.

दुसरं कारण, नाशिकचे रस्ते आपण समजतो तितके सपाट नाहीत. गंगापूर रोडने सोमेश्वरकडे आणि पुढे धरणाच्या बाजूला गेलात की गाडीतून कधी लक्षात न आलेले चढ-उतार पायांना लगेच कळतात.

तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा कळलं. मशीनचा आकडाच खरा नव्हता.

मशीनचा आकडा खरा आहे की नाही हे कसं बघायचं?

जुन्या किंवा खूप वापरलेल्या मशीनचा आकडा चुकीचा असणं अगदी सर्रास आढळतं. पट्टा सैल होतो, घसरतो, वजन पडल्यावर मोटर किंचित मंदावते. तपासायला एक खडू, मोजपट्टी, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक सोबती पुरतो.

आधी प्लग काढा. पट्ट्याच्या कडेला खडूने आडवी रेघ मारा. पट्टा हाताने ओढत, टप्प्याटप्प्याने मोजत ती रेघ पुन्हा जागेवर येईपर्यंत पूर्ण लांबी मोजा. आमच्या मशीनची ती बरोबर 3 मीटर भरली. मग प्लग लावा, 10 चा वेग ठेवा आणि त्यावर धावा. रिकामा पट्टा तपासून उपयोग नाही, वजन असतानाच मोजायचं. सोबत्याने बाजूला उभं राहून रेघेच्या 20 फेऱ्या मोजायच्या आणि किती सेकंद लागले ते पाहायचं.

20 फेऱ्या म्हणजे 60 मीटर. ताशी 10 किलोमीटर वेग खरा असेल तर 21.6 सेकंद लागायला हवेत. माझ्या भाच्याने मोजले तेव्हा साडेतेवीस लागले. त्याला वाटलं आपण चुकलो, म्हणून त्याने जमिनीवर मांडी घालून, बोट रेघेवर रोखून पुन्हा मोजले. तेवढेच. मीटरला सेकंदांनी भागा आणि 3.6 ने गुणा, की ताशी किलोमीटर मिळतात. आमचे निघाले 9.2. म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं नव्हे, तर 6 मिनिटं 32 सेकंद! दहा किलोमीटरमध्ये हा फरक पाच मिनिटांहून जास्त होतो. मी ज्या वेगाने कधी धावलेच नव्हते तो वेग रस्त्यावर पहिल्या दिवशी मागत होते.

मशीन चुकीचं निघालं तरी ते टाकून द्यायची गरज नाही. फरक किती ते कागदावर लिहून मशीनला चिकटवा आणि तो धरून चाला.

मशीनचा वेग आणि धावणारे लोक बोलतात तो "पेस", यांचा मेळ कसा घालायचा?

60 ला वेगाने भागा. ताशी 6 म्हणजे किलोमीटरला 10 मिनिटं, 7.5 म्हणजे 8 मिनिटं, 8 म्हणजे साडेसात, 9 म्हणजे 6 मिनिटं 40 सेकंद, 10 म्हणजे 6, 12 म्हणजे 5.

घड्याळ एक अंतर दाखवतं, मशीन दुसरं. खरं कुणाचं?

घरात घड्याळाला उपग्रहाची मदत नसते, ते हाताच्या हालचालीवरून पावलं मोजून अंदाज बांधतं. दांडा धरलात तर तेही कोलमडतं. वर सांगितल्याप्रमाणे पट्टा तपासला असेल तर पट्ट्यावर विश्वास ठेवा. बहुतेक घड्याळांमध्ये धावून झाल्यावर अंतर दुरुस्त करण्याची सोय असते, ती दोन-चार वेळा वापरली की घड्याळही सुधारतं.

रस्त्यावर धावून गुडघे झिजतात असं घरचे म्हणतात. म्हणून मशीनच बरं का?

आमच्याकडे हे वाक्य सासूबाईंनी मला रोज ऐकवलं. त्यांच्या बोलण्यात काळजी होती, पण माहिती जुनी होती. 2017 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे पाहा. हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात 3.5 टक्के लोकांना आढळला, अजिबात न धावणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये 10.2 टक्क्यांना, आणि स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये 13.3 टक्क्यांना. याचा अर्थ धावलं की गुडघे नक्की वाचतात असा होत नाही, कारण ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच धावत राहतात असंही असू शकतं. पण आपल्यासारखं हौसेने धावल्याने झिजतात या समजाला मात्र यात आधार सापडत नाही.

मशीनचा पट्टा थोडा लवचिक असतो, त्यामुळे नडगीच्या हाडावरचा ताण कमी होतो. नडगी दुखत असेल त्यांना हे उपयोगी आहे. उलट पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर मशीनवर जास्त भार येऊ शकतो. टाचेमागे दुखणाऱ्याने "मशीन म्हणजे सुरक्षित" असं समजून आठवडाभर तेच करत राहू नये.

बहुतेक दुखणी येतात ती एकदम अंतर वाढवल्यामुळे. पृष्ठभागाचा दोष त्यामानाने कमी. आणखी एक, आपले डांबरी रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. नेहमी एकाच कडेने धावलात तर एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. मातीचा ट्रॅक जवळ असेल तर आठवड्यातले एक-दोन दिवस तिथे काढावेत.

मशीनवर घामाने नुसती अंघोळ होते. म्हणजे चरबी जास्त जळते का?

नाही. घाम जास्त दिसतो कारण वाळवायला वारा नसतो. समोर पंखा लावा, खिडकी उघडा, त्याच व्यायामात हृदयाचे ठोके कमी राहतील. कॅलरींचा साधा ठोकताळा असा, दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण 1 कॅलरी. 65 किलोच्या माणसाने 5 किलोमीटर धावले तर सव्वातीनशेच्या आसपास, घाम येवो न येवो. मशीनवर वजन न भरता मिळणारा आकडा विसरा.

दांडा धरून धावलं तर चालतं का?

चढताना-उतरताना आणि तोल गेला तर धरा, एरवी नको. दांडा धरला की वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि मशीन दाखवतं त्यापेक्षा खूप कमी काम होतं. मोठा चढ लावून दांड्याला लोंबकळत चालणारी माणसं प्रत्येक जिममध्ये दिसतात. त्यांनी चढ निम्मा करावा आणि हात मोकळे सोडावेत.

उतरल्यावर चक्कर आल्यासारखं, जमीन सरकल्यासारखं होतं.

डोळे सांगत असतात आपण उभे आहोत, पाय सांगत असतात आपण धावतोय. मेंदू तेवढा वेळ या गोंधळाशी जुळवून घेतो आणि उतरल्यावर लगेच सावरत नाही. शेवटची तीन-चार मिनिटं वेग हळूहळू कमी करत चालण्यावर आणा, मग थांबा. काही दिवसांत हे जातं. पण डोळ्यांपुढे अंधारी येणं, छातीत दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ ही वेगळी गोष्ट आहे. तिथे लगेच थांबायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

चाळिशी उलटली आहे, साखर आणि बीपीची गोळी चालू आहे. सुरुवात कशी करू?

डॉक्टरांना विचारून. कदाचित ते टीएमटी, म्हणजे चालता चालता करायची हृदयाची तपासणी, करायला सांगतील, आणि तीही ट्रेडमिलवरच होते. डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी 1963 मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरतात. ताशी 2.7 किलोमीटर इतक्या संथ वेगाने सुरुवात, पण चढ 10 टक्के, आणि दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवत जायचं. छातीला लावलेल्या तारांवरून तेव्हा हृदय कसं वागतं ते बघतात. तुमच्यासारख्यांनी पहिले दोन महिने मशीनवर किंवा सपाट ट्रॅकवर भरभर चालावं, मी तर आग्रह धरीन. मशीनचा इथे खरा फायदा आहे, श्रम हवे तिथे अडवून ठेवता येतात.

नाशिकमध्ये बाहेर धावायला चांगली जागा कोणती?

शिकाऊ माणसासाठी माझं पहिलं उत्तर गोल्फ क्लब, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाचा जॉगिंग ट्रॅक. गाड्या नाहीत, आजूबाजूला कायम माणसं असतात, दमलात तर बाजूला होऊन चालता येतं. कृष्णानगरपासून सिडकोपर्यंत कुठेही राहत असाल तरी आठवड्यातून एकदा या. कॉलेज रोडकडच्यांना कृषीनगरचा ट्रॅक जवळ पडतो. मोजून वेगाचा सराव करायचा असेल तर पंचवटीत हिरावाडीला मीनाताई ठाकरे क्रीडा संकुल आहे. 400 मीटरचा ट्रॅक असला की वेगाचा अंदाज लवकर बसतो, कारण दर फेरीला घड्याळ तपासता येतं.

लांब धावायचं असेल तर गंगापूर रोडने सोमेश्वर, पुढे गंगापूर गाव आणि सावरगावच्या बाजूच्या द्राक्षबागा. जानेवारीच्या सकाळी तिथे बागांवर धुकं उतरलेलं असतं आणि पाण्याकडून गार झुळूक येते. मी शहरात इतरत्र कुठेही यापेक्षा चांगली धावले नाही. मात्र हा रस्ता गर्दीच्या आधी, उजाडता उजाडता करावा. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर तिथे पर्यटकांच्या गाड्या असतात.

सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात अनेक रस्ते खोदलेले आहेत. कालचा सपाट रस्ता आज चर असू शकतो, तेव्हा अंधारात अनोळखी रस्त्यावर धावू नका.

आणि नाशिकमध्ये धावायला शिकतोय याचा थोडा अभिमान बाळगा. हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. याच जिल्ह्यातल्या मोनिका आथरे आणि संजीवनी जाधव या मुलीही इथल्याच मैदानांवर आणि रस्त्यांवर धावून देशासाठी खेळल्या.

ऊन, पाऊस, थंडी. कोणत्या मोसमात मशीन आणि कोणत्या मोसमात रस्ता?

एप्रिल-मेमध्ये दुपारचा पारा चाळिशीला टेकतो, पण नाशिकची पहाट मुंबईसारखी चिकट नसते. सहाच्या आत बाहेर पडा, सातपर्यंत परत या. संध्याकाळी मात्र डांबर दिवसभराची धग सोडत असतं, तेव्हा मशीन बरं. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. त्या काळात वेग आपोआप कमी होतो. होऊ द्यावा.

पावसाळ्यात रिमझिम असेल तर मी बाहेरच जाते. टोपी घालायची आणि निघायचं. पण शेवाळलेल्या फरशा, साचलेल्या पाण्याखाली न दिसणारी उघडी गटारं आणि विजा, या तिन्हींपैकी काहीही असेल तर मशीन. विजांच्या वेळी ट्रॅकवरच्या झाडाखाली उभं राहणारे लोक दरवर्षी दिसतात. कृपया असं करू नका.

थंडी हा आपला खरा मोसम. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा शहरातही सकाळी दहा अंशांच्या आसपास असतं. अंगात दोन पातळ थर घाला, जाड स्वेटर नको. अडचण असते ती धुराची. थंड हवा जमिनीलगत बसते आणि शेकोट्यांचा, पालापाचोळा जाळल्याचा धूर तिथेच रेंगाळतो. घशात धूर जाणवला तर त्या दिवशी तासभर उशिरा निघा किंवा घरात धावा. दमा असलेल्यांनी तर हे पाळावंच.

कुत्री मागे लागतात. काय करायचं?

पळू नका. थांबा, त्याच्याकडे तोंड करून पण डोळ्यांत न बघता हळूहळू मागे सरका. दोन-चार दिवस तोच रस्ता, तीच वेळ ठेवली की गल्लीतली कुत्री ओळखायला लागतात. चावलं किंवा नुसता ओरखडा आला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या. सरकारी रुग्णालयात ती मिळते. हळद-चुना लावून थांबू नका.

पहाटे एकट्या बाईने बाहेर धावणं ठीक आहे का?

ठीक असायला हवं. प्रत्यक्षात मी अजूनही अंधारात निर्मनुष्य रस्त्यावर एकटी धावत नाही, आणि कुणा मैत्रिणीला धाव असं सांगणार नाही. आम्ही तिघी एकत्र निघतो. घरी कुणाला तरी रस्ता आणि परतायची वेळ माहीत असते, दोन्ही कानांत गाणी नसतात. पदपथ नसेल तिथे समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने धावायचं आणि अंगावर फिकट किंवा चमकणारा कपडा ठेवायचा.

लहान बाळ घरी आहे, नवरा रात्रपाळीला आहे, सकाळी बाहेर पडताच येत नाही, अशा कितीतरी जणी मला भेटतात. त्यांच्यासाठी बाळ झोपल्यावरची मशीनवरची वीस मिनिटं हेच धावणं आहे. त्याला कुणी कमी लेखू नये.

साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला जायचं आहे. मशीनवर तयारी होईल?

अर्धी होईल. 21 किलोमीटरच्या त्या शर्यतीत आधी यवतेश्वराचा घाट चढायचा असतो आणि मग त्याच घाटाने उतरायचं असतं. चढासाठी मशीनसारखं साधन नाही. 4-5 टक्के चढावर पाच-पाच मिनिटांचे टप्पे करा, मध्ये सपाटावर दोन मिनिटं चाला. नाशिकमध्ये इतका लांब आणि एकसारखा चढ घराजवळ मिळणं अवघडच.

उतार मात्र बहुतेक घरगुती मशीनवर मिळत नाही आणि साताऱ्यात माणसं मोडतात ती उतारावर. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्याची सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिन्याची एक पायरी उतरवत नाही. त्यासाठी पांडवलेणी किंवा म्हसरूळची चामरलेणी गाठा. पायऱ्या चढून जा आणि उतरताना घाई न करता, गुडघा किंचित वाकवून, आवाज न करता पाऊल टाकत या. दहा दिवसांतून एकदा पुरे. पावसात पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा कोरडा दिवस बघा.

मशीनवर प्रचंड कंटाळा येतो. हा माझाच दोष का?

नाही हो. ट्रेडमिलचा पूर्वजच शिक्षेचं साधन होता. 1818 मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक बनवलं. कैदी तासन् तास त्याच्या पायऱ्या चढत राहायचे. इंग्लंडमध्ये ही शिक्षा 1898 च्या कायद्याने मोडीत निघाली.

तरीही मशीनवर काय करता येतं त्याची दोन उदाहरणं मला धीर देतात. 16 एप्रिल 2007 रोजी सुनीता विल्यम्स यांनी अंतराळ स्थानकात, पट्ट्यांनी स्वतःला मशीनला बांधून घेत, बॉस्टन मॅरेथॉनचं पूर्ण अंतर 4 तास 24 मिनिटांत धावलं. आणि अलास्कातल्या अँकरेज शहरातली ख्रिस्टीन क्लार्क ही डॉक्टर बाहेर बर्फ असल्यामुळे बराचसा सराव घरातल्या ट्रेडमिलवर करायची. 2000 मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवडीची महिला मॅरेथॉन तिनेच 2 तास 33 मिनिटं 31 सेकंदांत जिंकली. शर्यतीचा दिवस उष्ण होता आणि बंद खोलीत धावून तिला गरम हवेची सवय झालेली होती.

कंटाळ्यावर माझा उपाय असा. मशीनवर कधीही एकाच वेगाने तास काढायचा नाही. तीन मिनिटं जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा वेळा. पडद्यावर रुमाल टाकून ठेवायचा.

घरी मशीन घ्यायचं म्हणतोय. काय बघू?

दुकानदार मोटरचा "पीक" हॉर्सपॉवर सांगतो, तुम्ही सलग चालणारा हॉर्सपॉवर विचारा. मी पहिल्यांदा हे न विचारता घेतलं आणि सात महिन्यांत मोटर जळाली, दुरुस्तीला मशीनच्या निम्मे पैसे मागितले. धावायचं असेल तर पट्ट्याची धावण्याची जागा 130-140 सेंटिमीटर तरी लांब हवी, उंच माणसाला 150. चालण्यापुरतं हवं असेल तर लहान चालेल. दुकानात बूट घालून जा आणि पाच मिनिटं खरंच धावून बघा.

मशीनला स्वतंत्र पॉवर सॉकेट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको. पट्ट्याखाली सिलिकॉन तेल लागतं, ते माहितीपत्रकात लिहिलंय तितक्या अंतराने घाला. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घातलेले पट्टे मी खराब झालेले पाहिले आहेत. रस्त्यावरचे बूट वेगळे, मशीनचे वेगळे, कारण तळव्याची खडी पट्टा कापते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर खाली जाड रबरी मॅट घाला आणि खालच्या घरच्यांना वेळ विचारून घ्या.

लाल किल्लीची दोरी कपड्याला अडकवल्याशिवाय धावू नका. पाय घसरला तर तीच पट्टा थांबवते. धावून झाल्यावर ती किल्ली काढून उंचावर ठेवा. लहान मुलांची बोटं पट्टा जिथे आत जातो तिथे अडकतात, आणि ती जखम वाईट असते.

मग आता मशीनवरून रस्त्यावर यायचं ठरवलं. पहिल्या दिवशी किती धावू?

वीस मिनिटं, आणि तीही वेग न बघता. आठवड्यात तीन वेळा धावत असाल तर पहिले दोन आठवडे एकच दिवस बाहेर, पुढचे दोन आठवडे दोन दिवस, मग शरीराला विचारून ठरवा. वेग ओळखायची एकच खूण लक्षात ठेवा. बरोबरच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही" एवढंच निघत असेल तर कमी करा, मागचे पुढे गेले तरी जाऊ द्या.

घराची एक किल्ली, थोडे सुटे पैसे आणि फोन खिशात. निघण्याआधी अर्धा ग्लास पाणी. पहिली पाच मिनिटं नुसतं चाला, मग इतकं हळू धावा की धावतोय असं सांगायला लाज वाटावी. घड्याळात फक्त वेळ बघायची, आणि दहा मिनिटं झाली की जिथे असाल तिथून मागे वळायचं.